तान्ह्या बाळाचा लाल चट्टा : स्टिरॉइड इंजेक्शनचे स्थान आणि आपले कर्तव्य

टेंभुर्णीसारख्या गावी तान्ह्या बाळाच्या अंगावर लाल चट्टा दिसला, की त्यास ‘ग्रहणाचा डाग’ म्हटले जाते आणि पुष्कळदा बाळास प्रथम वैद्याकडेच आणले जाते. हा चट्टा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी वाढ, असू शकतो. जन्मतः तो नसतो अथवा फिकट असतो. पाचव्या ते सातव्या आठवड्यात सर्वाधिक वेगाने वाढतो आणि वर्षभरानंतर हळूहळू ओसरतो.

सुश्रुतसंहितेत रक्तार्बुद असाध्य मानले आहे. केवळ नामसाम्यावरून हिमँजिओमास रक्तार्बुद म्हणून मातापित्यांस भयभीत करणे उचित नव्हे. बालकांसाठी जलौका सौम्य सांगितल्या असल्या, तरी या चट्ट्यावर जलौका, क्षार वा अग्निकर्म केल्यास रक्तस्राव, व्रण व कायमचा वण संभवतो. ते सर्वथा टाळावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

1960च्या दशकापासून या विकारात स्टिरॉइड हाच प्रमुख उपाय होता. पोटातून किंवा ट्रायम्सिनोलोनचे इंजेक्शन थेट गाठीत देत. इंजेक्शनने गाठ आकसते. परंतु त्वचा पातळ होऊन खळगा पडणे, बाळाची वाढ मंदावणे हे उपद्रव संभवतात. डोळ्याजवळ दिल्यास दृष्टिपटलाची रोहिणी अवरुद्ध होऊन अंधत्व आल्याचीही नोंद आहे.

2008 मध्ये फ्रान्समधील बोर्डो येथे स्टिरॉइड घेणाऱ्या एका बालकास हृदयविकार जडला. त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल देताच चट्टाही मावळू लागल्याचे तेथील वैद्यकांनी प्रसिद्ध केले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 460 बालकांच्या अभ्यासात सहा महिन्यांच्या उपचाराने 60 टक्के बालकांत चट्टा पूर्णतः वा जवळजवळ नाहीसा झाला. औषधाविना हे प्रमाण 4 टक्के होते. आज प्रोप्रॅनोलॉल हा प्रथम उपचार आहे. ओठासारख्या ठिकाणच्या मर्यादित, फुगीर गाठीसाठी स्टिरॉइड इंजेक्शनचे स्थान उरले आहे. तेही तज्ज्ञाच्याच हाती.

सर्वच चट्ट्यांना औषध लागत नाही. मात्र चट्टा डोळा, नाक, ओठ, हनुवटी, गुदभाग वा कमरेच्या मध्यभागी असेल, चेहऱ्यावर मोठा असेल, त्यावर व्रण झाला असेल किंवा अंगावर पाच वा अधिक चट्टे असतील, तर बाळास विनाविलंब सोलापूर वा पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे धाडावे. शक्यतो बाळ महिन्याचे होण्याच्या सुमारासच हा सल्ला मिळावा. अंगणवाडीतील सहामाही तपासणीची वाट पाहिल्यास वाढीचा काळ हातचा निघून जातो.

औषधविक्रेते बंधूंनाही विनंती, की चिठ्ठीविना स्टिरॉइडचे मलम देऊ नये. प्रोप्रॅनोलॉलच्या गोळीचा चुरा करून बाळास देण्याचा सल्लाही देऊ नये. उपाशी बाळाची रक्तशर्करा त्यामुळे धोकादायकरीत्या घटू शकते.

काळ हाही चिकित्सेचा अंग आहे. योग्य वेळी योग्य ठिकाणी धाडणे, हीसुद्धा चिकित्साच होय.