मोबाइलच्या फोटोतून खेळातला चेहरा

गेममधल्या माणसाचा चेहरा इतका हुबेहूब कसा दिसतो, हा प्रश्न घरातली मुले विचारतात. हे काम आज घरच्या संगणकावर शिकता येते, म्हणून त्याची ओळख आम्ही करून देत आहोत.

संगणकावर आधी डोक्याचा त्रिमितीय साचा तयार होतो. संत्र्याची साल सोलून पसरावी तसा त्याचा पृष्ठभाग सपाट पसरतात आणि त्यावर फोटोतली त्वचा बसवतात. ‘ब्लेंडर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सारी कामे होतात.

खरी मेख फोटोत आहे. उन्हात किंवा फ्लॅशने काढलेल्या फोटोतली नाकाची सावली त्वचेवर कायमची उमटते. मग खेळात दिवा कुठेही असो, ती जागची हलत नाही. म्हणून ढगाळ दिवस किंवा ओसरीतला सारखा उजेड बरा. मोबाइल तोंडाजवळ धरला तर नाक मोठे दिसते; दीड-दोन मीटरवरून थोडे झूम करावे. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि तिरक्या कोनातून फोटो घ्यावेत. उजेडाची मात्रा लॉक करावी, नाहीतर सांध्यावर रंग बदलतो. डोळे, दात आणि केस वेगळे बनवतात. शेवटी साधारण २०४८ पिक्सेलचे चौरस चित्र पुरते.

कौशल्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो संमतीचा. २००० साली आलेल्या ‘परफेक्ट डार्क’ या गोळीबाराच्या खेळात, गेम बॉय कॅमेऱ्याने टिपलेला चेहरा पात्रांना लावण्याची सोय ठरली होती. खेळ बाजारात येण्यापूर्वीच ती वगळली गेली. वर्गमित्राचा किंवा शिक्षकांचा चेहरा लावून कोणी त्यावर गोळ्या झाडू लागला तर? आज ही सोय प्रत्येकाच्या खिशात आहे.

आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी कंपनीने पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. चेहरा मागणाऱ्या ॲपला ‘हो’ म्हणण्याआधी पालकांनी हे लक्षात ठेवावे.

वाचक बंधू-भगिनींनो, मुलांना हे शिकण्यापासून रोखू नका. सुरुवात त्यांनी स्वतःच्या चेहऱ्यापासून करावी. अम्मी, आपा किंवा मित्र यांचा फोटो हवा असेल, तर तो कुठे आणि कशासाठी लागणार हे सांगून विचारावे. दुसऱ्याचा चेहरा ही आपल्याकडे अमानत असते. नकार मिळाला तर फोटो पुसून टाकावा.