आयतं ताट, निळा समुद्र

बावीस वर्षांच्या संसारात सलग सात दिवस मी गॅस पेटवला नाही, असं पहिल्यांदाच घडलं. २०२५च्या फेब्रुवारीत धाकट्या बहिणीकडे टोरांटोला गेले होते. बाहेर बर्फच बर्फ! "ताई, चल, ऊन खायला जाऊ," म्हणाली आणि चारेक तासांच्या विमानप्रवासानंतर आम्ही जमैकातल्या माँटेगो बेला उतरलो. तोवर जमैका म्हणजे माझ्या लेखी मायकेल होल्डिंग नि कोर्टनी वॉल्श!

कॅनडा-अमेरिकेतली माणसं थंडीला कंटाळून डिसेंबर ते एप्रिल कॅरेबियन बेटांकडे धाव घेतात. तेव्हा तिथं वादळाचे दिवस संपलेले असतात. बहुतेक जण उतरतात 'ऑल-इन्क्लुझिव्ह' रिसॉर्टमध्ये. राहणं, नाश्ता, जेवण, पेयं, करमणूक, सगळ्याचे पैसे आधीच भरायचे. १९५० मध्ये 'क्लब मेड'नं स्पेनच्या मायोर्का बेटावर चक्क तंबू ठोकून अशा सुट्या सुरू केल्या, त्या पुढे कॅरेबियनमध्ये फोफावल्या. गेल्या गेल्या मनगटावर एक पट्टा बांधतात. पट्टा दाखवा, हवं ते घ्या!

पहिल्या दिवशी सवयीनं पाचलाच जाग आली. करायचं काय? मी अंथरूण आवरलं, बेसिन पुसलं, ओले टॉवेल घड्या घालून ठेवले. बहीण हसायला लागली, "अगं, ती येणार आहे ना करायला!"

'ती' म्हणजे खोली आवरणारी. रोज पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवायची. तिसऱ्या दिवशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत गप्पा झाल्या. दोन मुलं, ती आजीजवळ. पहाटे घर सोडायचं, दोन टॅक्स्या बदलून कामावर यायचं. "मुलांना समुद्र आवडत असेल ना?" मी विचारलं. तर म्हणाली, या किनाऱ्यावर ती कधी आलीच नाहीत. तो पाहुण्यांसाठी आहे.

मला चटकाच बसला. नंतर वाचलं, की जमैकात १९५६च्या कायद्यानं किनाऱ्याची मालकी सरकारकडे गेली, पण लोकांना तिथं जाण्याचा सरसकट हक्क काही मिळाला नाही. त्यासाठी तिथली माणसं अजून झगडताहेत.

त्या दिवसापासून बुफेत अर्धवट टाकलेल्या ताटांकडे बघवेना. तिथंच 'करी गोट' नि रोटी दिसली. हळदीचा वास ओळखीचा! १८४५ पासून आपल्याकडचे मजूर करार करून तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांच्याबरोबर ही चव गेली.

खोटं कशाला बोलू, सुटीचा आनंद मला झाला. भरपूर झाला. निळ्याशार पाण्यात मनसोक्त डुंबले, दुपारी झोपले, 'आज भाजी काय?' हा प्रश्न सात दिवस पडला नाही. परतल्यावर बचत गटातल्या बायकांना सांगितलं, तर एकजण म्हणाली, "वहिनी, मग परत आलात कशाला?" सगळ्या खळखळून हसल्या. पण त्या हसण्यात किती दमणूक होती, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि मग २०२५च्या ऑक्टोबरात टीव्हीवर बातमी. २८ तारखेला 'मेलिसा' चक्रीवादळ जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर धडकलं, वारा ताशी सुमारे २९५ किलोमीटर! घरांची छपरं उडाली, माँटेगो बेमध्ये पाणी घुसलं, कितीतरी रिसॉर्ट्स काही काळ बंद पडली. पाहुणे नाहीत म्हणजे काम नाही, नि काम नाही तर पगार कुठून? माझ्या डोळ्यांसमोर तो टॉवेलचा हंस आला. सात दिवस तिनं माझी उशी सरळ केली, आणि मी तिचा फोन नंबरसुद्धा घेतला नव्हता.

मैत्रिणींनो, कॅरेबियन सगळ्यांना कुठलं जमायला? पण अलिबाग, गणपतीपुळे, गोवा तरी करतोच ना आपण! तेव्हा खोली आवरणाऱ्या बाईचं नाव विचारा, निघताना बक्षिशी तिच्याच हातात द्या, ताटात हवं तेवढंच घ्या. आणि घरी? आठवड्यातून एक वेळ आयतं ताट हक्कानं मागा. आमच्याकडे आता रविवारी रात्री खिचडी 'हे' करतात. मीठ कधी कमी, कधी जास्त... पण ताट वाढल्यावर मी त्यांना 'थँक यू' म्हणते. आयत्या ताटामागचे हात दिसायला हवेत, मग ते आपले असोत, नाहीतर सातासमुद्रापलीकडच्या कुणाचे.