ठसा कुणाचा, हे आधी विचारा

वाटणीच्या दिवशी देवघराच्या फडताळातून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं निघतं. आत तुळजाभवानीचा टाक, खंडोबाचा टाक, ताम्हन, लहान मुलाचे वाळे, मूठभर जुने रुपये आणि तळाशी काळाकुट्ट पडलेला एक पेला. पेल्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी घातलेलं नाव, शेजारी ‘१८६१’ हा आकडा, बुडाला झिजून गेलेला एक ठसा. पुतण्या म्हणतो, “बाप रे, दीडशे वर्षांपेक्षा जुना!” आत्याबाई म्हणतात, “हॉलमार्क कुठंय? खोटी असंल.” काका पेला फिरवून बघतात आणि निकाल देतात, “एवढी काळी पडलीय, जर्मन सिल्व्हर आहे. मोडीत घाला.”

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात दिसेल असं हे चित्र आहे. तिघंही मनापासून बोलतात आणि तिघंही चुकू शकतात. चांदीवरची प्रत्येक खूण काहीतरी सांगत असते, पण सांगणारा दर वेळी वेगळा असतो: कधी विकणारा, कधी घडवणारा, कधी भेट देणारा, तर कधी व्यवहाराशी संबंध नसलेला तिसरा माणूस. बोलणारा कोण हे कळलं की निम्मे गैरसमज तिथेच गळून पडतात.

गैरसमज १ : ठसा आहे म्हणजे शुद्धतेची हमी आहे.

वस्तुस्थिती : जुन्या भांड्याच्या बुडाला किंवा वाळ्याच्या आतल्या बाजूला दिसणारी एक-दोन अक्षरं, फूल, चांदणी ही बहुधा सोनाराची किंवा सराफाची स्वतःची खूण असते. “हा माल आमचा आहे” एवढंच ती सांगते. वस्तू परत आली तर आपली म्हणून ओळखता यावी, हा तिचा उपयोग. तिच्यामागे सराफाची पत उभी असे, पण कुणी तिऱ्हाइतानं चांदी तपासल्याचा तो पुरावा नव्हे.

इंग्लंडमध्ये ही तपासणी शतकानुशतकं सराफाबाहेरच्या कचेऱ्यांकडे होती. पाऊल उचललेला सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची कचेरी, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनची, आणि एक अक्षर सालाचं. इंग्रजी अमलातल्या हिंदुस्थानात चांदीच्या भांड्यांसाठी अशी सक्तीची व्यवस्था नव्हती. म्हणून भुजच्या उमरसी मावजींच्या नामांकित कामावर त्यांच्या आद्याक्षरांचा आणि ‘भुज’ या गावाचा ठसा मिळतो, सरकारी सिंह मिळत नाही. ती खूण कारागिराची सही आहे.

गैरसमज २ : हॉलमार्क नाही म्हणजे चांदी खोटी.

वस्तुस्थिती : भारतीय मानक ब्युरोनं चांदीचं हॉलमार्किंग २००५ साली सुरू केलं. त्याआधी घडलेल्या आजीच्या वाळ्यांवर ते असणारच नाही. उलट ‘पणजीचे’ म्हणून कुणी विकायला आणलेल्या तोड्यांवर ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह दिसलं, तर पणजीच्या गोष्टीबद्दल शंका घ्यावी.

१ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कमध्ये सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांकही आला आहे. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पडताळता येतो. सोन्यासारखी चांदीला हॉलमार्कची सक्ती मात्र त्या वेळीही केली गेली नाही, म्हणून नवी चांदी घेताना तो मागून घ्यावा लागतो.

गैरसमज ३ : ९२५ हा आकडा नसेल तर अस्सल नव्हे.

वस्तुस्थिती : आकडा म्हणजे हजार भागांतली चांदी. आपल्याकडच्या मानकातच ८०० पासून ९९९ पर्यंत प्रती आहेत. शुद्ध चांदी मऊ असते. तिचं ताट चेपतं आणि चमचा वाकतो, म्हणून तांबं मिसळावं लागतं. सराफाच्या पेढीवर चांदीच्या शेकडा प्रमाणाला ‘टंच’ म्हणतात. कमी टंचाची चांदी ही खोटी चांदी नव्हे. खोटेपणा येतो तो ऐंशी टंचाची वस्तू नव्वदीच्या भावानं विकण्यात.

हल्ली घरातली मुलं नोकरीनिमित्त स्वीडन-डेन्मार्कला असतात आणि तिथल्या जुन्या बाजारातून एखादा सुंदर चमचा आणतात. त्यावर ‘८३० एस’ दिसलं की इथे सगळे नाक मुरडतात. वास्तविक ८३० हे उत्तर युरोपातलं जुनं, मान्य प्रमाण आहे. डेन्मार्कच्या चांदीवर कोपनहेगनचे तीन बुरूज दिसतात, स्वीडनच्या चांदीवर तीन मुकुट. स्वीडिश ठशात सालही लपलेलं असतं. १७५९ पासून चोवीस अक्षरांची फेरी चालू झाली, ती संपली की अक्षरापुढे आकडा वाढतो. ‘ए ८’ म्हणजे १९२७. सावध व्हायचं ते ‘निसिल्व्हर’ किंवा ‘अल्पाका’ या शब्दांना, कारण त्या वस्तूत चांदी नसते, असलाच तर वर मुलामा.

गैरसमज ४ : जर्मन सिल्व्हर ही जर्मनीची हलकी चांदी.

वस्तुस्थिती : जर्मन सिल्व्हर हे तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे. त्यात चांदी औषधालाही नसते. चीनमधल्या एका पांढऱ्या मिश्रधातूची नक्कल एकोणिसाव्या शतकात जर्मनीत साधली, तिथून हे नाव आलं. त्यावर विजेच्या साहाय्यानं चांदीचा मुलामा चढवला की इंग्रजी चहाच्या सेटवर ‘ई. पी. एन. एस.’ ही चार अक्षरं येतात. ही अक्षरं बरेचदा छोट्या ढालींमध्ये, वळणदार लिपीत, एका ओळीत ठोकलेली असतात. दुरून थेट इंग्रजी हॉलमार्कसारखी! जुन्या वाड्यांतल्या किटल्या आणि साखरदाण्या यातच फसवतात. सिंह दिसतो का ते बघायचं. चार ढाली दिसल्या म्हणून हुरळून जायचं नाही.

गैरसमज ५ : जुना रुपया म्हणजे शुद्ध चांदी, आणि सगळे रुपये सारखे.

वस्तुस्थिती : इथे आपल्या जिल्ह्याचा इतिहासच तराजूत बसतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारचं सोलापूर इंग्रजांकडे. त्यामुळे बाजाराला जाणाऱ्या माणसाच्या कनवटीला दोन प्रकारचे रुपये असत: संस्थानचा ‘हाली’ आणि इंग्रजांचा ‘कलदार’. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार.

कलदार ओळखणं सोपं, त्यावर राणीचा किंवा राजाचा चेहरा असतो. हालीवर चेहरा नाही, चारमिनार असतो. चारमिनारच्या कमानीत एक उर्दू अक्षर कोरलेलं असतं. ‘मीम’ असेल तर नाणं महबूब अली खानाचं, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खानाचं. या उस्मान अलीच्या नावावरून आपलं शहर उस्मानाबाद झालं आणि २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव. शहराच्या पाटीवरून गेलेलं नाव गाठोड्यातल्या रुपयाच्या कमानीत अजून आहे.

दोघांच्या चांदीत फरक आहे. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. हाली ११.१८ ग्रॅमचा, त्यात ८१.८ टक्के. सरकारी दर होता १०० कलदारांना ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै. म्हणजे सहा कलदारांना सात हाली. आता हिशेब करून बघा. सहा कलदारांत सुमारे ६४ ग्रॅम शुद्ध चांदी, सात हालींतही सुमारे ६४ ग्रॅम. दर कुणाच्या लहरीवर नव्हता, धातूच्या वजनाला धरून होता.

महायुद्धात मात्र घोळ झाला. १९४० पासून इंग्रजांनी रुपयातली चांदी पन्नास टक्क्यांवर आणली, बाकी तांबं, निकेल, जस्त. युद्धकाळात हैदराबादनंही हालीतली चांदी उतरवली. १९४७ चे इंग्रजी रुपये तर निकेलचे, चांदी शून्य. म्हणून मूठभर रुपये एकाच भावात देऊ नका. आधी सालाप्रमाणे वेगळे काढा. एखाद्या रुपयावर बारीक टोचा किंवा खुणा दिसल्या तर त्या टाकसाळीच्या नसतात. नाणं पारखताना सराफांनी मारलेल्या त्या खुणा आहेत.

गैरसमज ६ : भांड्यावरचं नाव कारागिराचं आणि साल इसवी सनाचं.

वस्तुस्थिती : आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते मालकाचं किंवा आहेर देणाऱ्याचं. घडवणारा सोनार सहसा अनाम राहतो. सालाचं तर विचारूच नका. या भागात चार कालगणना एकत्र नांदल्या. पंचांगाचा शक, हाली नाण्यांवरचा हिजरी, निजामाच्या महसुली दप्तरातला फसली आणि इंग्रजी सन. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत ५९० मिळवावे लागतात. हिजरी वर्ष चांद्र असल्यानं सरळ बेरीज चालत नाही. हिजरी १३४२ म्हणजे १९२३-२४. आकड्याआधी ‘शके’ किंवा ‘श.’ ही अक्षरं झिजली असतील, तर वस्तू उगाच पाऊण शतकानं म्हातारी होते.

गैरसमज ७ : काळी पडते ती खोटी.

वस्तुस्थिती : हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. अस्सल चांदी काळी पडतेच. अंडं, कांदा, रबर यांच्या सहवासात जरा लवकर. उलट उघड्या पडलेल्या जर्मन सिल्व्हरवर पिवळसर-हिरवट झाक येते. खरा धोका काळेपणापेक्षा घासण्यात आहे. राख, दंतमंजन, टूथपेस्ट यांनी दरवर्षी खसाखसा घासलेल्या भांड्यावरचा ठसा आधी जातो. घासण्याआधी मोबाइलचा दिवा तिरपा धरून ठशाचा फोटो काढून ठेवावा. समोरून उजेड पडला तर झिजलेली अक्षरं दिसत नाहीत, तिरप्या उजेडात उठून येतात.

गैरसमज ८ : चुंबक, बर्फ किंवा मशीन, एका चाचणीत निकाल.

वस्तुस्थिती : चुंबकाला चांदी चिकटत नाही हे खरं, पण तांबं, पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाहीत. चांदीवर बर्फ भराभर वितळतो, पण तांब्यावरही जवळजवळ तसाच. पेढीवरचं टंच मशीन क्ष-किरणांनी फक्त वरचा पातळ थर वाचतं. मुलामा जाड असेल तर ते मुलाम्याचंच टंच सांगेल. शिवाय वस्तू आम्लात उजळली की पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वरची चांदी आतल्यापेक्षा सरस दिसते.

घरच्या घरी त्यातल्या त्यात भरवशाची युक्ती पाण्याची आहे. भरीव, बिनजोडाची वाटी आधी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि वाटी दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. वाढलेल्या आकड्यानं आधीच्या वजनाला भागा. २१० ग्रॅमच्या वाटीला २० ग्रॅम वाढले तर उत्तर १०.५, म्हणजे चांदी. २४ च्या आसपास वाढले तर उत्तर पावणेनऊ. जर्मन सिल्व्हर किंवा तांब्या-पितळेच्या जातीचं काहीतरी. आत लाख भरलेल्या पोकळ मुखवट्यांना मात्र ही युक्ती लागू नाही.

टाकांनाही नाही. अनेक टाकांत पुढे उठावाचा चांदीचा पातळ पत्रा असतो आणि मागे तांब्याचा. ती फसवणूक नव्हे, घडवायची रीत आहे. टाक वजनावर मोडायला नेणारा माणूस तांब्याचं वजन पाहून सोनारावर चिडतो, पण लग्नाआधी टाक उजळून घेणाऱ्या पिढ्यांना ते ठाऊकच होतं. वस्तू मोठी आणि शंका खरी असेल, तर ब्युरोची मान्यता असलेल्या तपासणी केंद्रात शुल्क भरून कुणीही ती तपासून घेऊ शकतो.

आता पुन्हा त्या पेल्याकडे. काळा आहे, ते बरंच आहे. हॉलमार्क नाही, नसणारच. पाण्यात तोलला तर दहाच्या वर आकडा येतो. बुडाचा ठसा सोनाराचा, नाव आहेर देणाऱ्याचं आणि १८६१ हा शक. म्हणजे १९३९ चा सुमार, कलदारातली चांदी निम्मी होण्याच्या जरासं आधी. त्या काळी सोनाराकडे रुपये देऊन ते आटवून भांडी-दागिने करून घेण्याची रीत होती. पेल्याचं टंच कलदाराच्या जवळपास निघालं, तर तो कुणाच्या तरी साठवलेल्या रुपयांचा असू शकतो. पुतण्याचा पेला पाऊणशे वर्षांनी तरुण झाला आणि आत्याबाई, काका दोघांची शंका फिटली. मोडीत घातला तर चांदीचा भाव मिळेल, घट कापून. टिंबाटिंबांनी घातलेलं नाव त्या मुशीत वितळून जाईल, आणि त्याचा भाव कुठल्याच काट्यावर लागत नाही.