हात आधी, शब्द मागून

परवा सोसायटीच्या कार्यक्रमात एक आई लेकीला सारखी सांगत होती, "अगं, हात हलव ना! मोठ्याने म्हण!" पोरगी गप्प उभी. बालवाडीताई म्हणून मला राहवलं नाही, म्हणून ही पोस्ट.

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना गाणं आणि हावभाव एकदम जमत नाहीत. हात सुरू झाले की तोंड बंद होतं. यात काही चुकीचं नाही.

मी आधी नुसती कृती घेते. पावसाचं गाणं असेल तर दोन्ही हात वर आणि सावकाश खाली. बोटांच्या थेंबांची टिपटिप नंतर, कारण या वयात खांदा-कोपर जितके ऐकतात तितकी बोटं ऐकत नाहीत. मुलांसमोर उभं राहून शिकवताना आपण डावा हात उचलायचा. मुलं आरशासारखी उजवा उचलतात!

"मोठ्याने" म्हटलं की मुलं किंचाळतात. त्याऐवजी हत्तीच्या आवाजात म्हणा, मग उंदराच्या. आणि आपली पट्टी थोडी वर ठेवा, मोठ्यांच्या खालच्या सुरात त्यांचा गळा पोचत नाही.

माझी लाडकी युक्ती: ओळीतला शेवटचा शब्द गाळून थांबायचं. जी पोरं कधी तोंड उघडत नाहीत, तीही तो शब्द टाकतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बालशिक्षणाचं काम केलं. त्याबद्दल जरूर वाचा.

पाहुण्यांसमोर "म्हणून दाखव" मात्र नको, प्लीज.

तुमचं पिल्लू कुठे अडतंय? कमेंटमध्ये विचारा.