तराजूवर शिकलेले संख्याशास्त्र
(लेखांक ७)

गेल्या लेखांकात सरासरी आणि तिच्याभोवतीचा विखुरलेपणा पाहिला. मुलांना ही सूत्रे पाठ होतात. पण हे आकडे आले कुठून, हे त्यांना कोणी विचारत नाही, कारण पुस्तकातला तक्ता भरलेलाच येतो. संख्याशास्त्राच्या शिकवणीतली ही सर्वांत मोठी उणीव आहे असे मला वाटते, आणि ती कशी भरायची याचा वस्तुपाठ गोव्याच्याच गणितज्ञाने घालून दिला आहे. १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी १९३३ ते १९४५ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत. संख्याशास्त्र शिकायचे तर हाताशी खराखुरा प्रश्न हवा, म्हणून ते प्राचीन आहत, म्हणजे ठसे ठोकून बनवलेल्या, नाण्यांकडे वळले.

या चांदीच्या नाण्यांवर ना राजाचे नाव, ना साल; नुसती चिन्हे. मग कुठले आधीचे नि कुठले नंतरचे, हे ठरवायचे कसे? कोसंबींनी तराजू घेतला. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते, पण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. म्हणून जुन्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि त्यांच्या वजनांतला आपसातला फरक वाढतो. हे त्यांनी आधी चलनातल्या नाण्यांवर तपासले, मग तक्षशिलेच्या साठ्यांकडे गेले. आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक ठसे असतात. ठसे जितके जास्त, तितके सरासरी वजन कमी, असे दिसून आले. म्हणजे ते ठसे हिशेबी व्यवहारात वेळोवेळी झालेल्या तपासणीचे असावेत, आणि त्यांच्या आधारे निनावी नाणी काळाच्या क्रमाने मांडता येतात. एका तराजूने इतिहासाला दिलेले हे उत्तर मला आजही विलक्षण वाटते.

यावर कोणी म्हणेल की कोसंबींनी ना अभ्यासक्रम आखला, ना विभाग उभारला. ते काम संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३१ साली स्थापलेल्या कोलकात्याच्या संख्याशास्त्र संस्थेने केले; पुणे विद्यापीठात १९५३ पासून वसंत शंकर हुजूरबाजार यांनी पिढ्या घडवल्या. हे खरेच आहे, आणि जनुकांमधले अंतर काढण्याचे कोसंबींचे १९४४ चे सूत्र शाळेच्या आवाक्यातलेही नाही. पण संस्था विषय शिकवतात. विषय कुठून सुरू करायचा, हा वेगळा प्रश्न आहे. संभाव्यता पक्की झाल्याशिवाय मुलांच्या हाती मोजमाप देऊ नये, हे मला पटत नाही. दोन नाण्यांची वजने वेगळी का, हे कुतूहल जागे झाले की संभाव्यतेची गरज मुलांना आपोआप भासते.

त्याहून वजनदार आक्षेप खुद्द नाण्यांच्या अभ्यासावरचा आहे. पुरलेला साठा म्हणजे चलनातला यादृच्छिक नमुना नव्हे; कोणीतरी नाणी निवडून ठेवली असतील, जमिनीत ती गंजली असतील, सफाईत चांदी गेली असेल. आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या मते शिकवण्यासारखा भाग नेमका तोच. गोव्यातल्या डिचोलीच्या खाणभागातल्या मुलांना तो समजायला तक्षशिलेला जावे लागत नाही. खनिजाच्या ढिगात मोठे खडे उतारावरून पायथ्याशी घरंगळतात, भुकटी मध्याजवळ राहते. पायथ्याचे चार खडे उचलून अख्ख्या मालातले लोह सांगितले तर ते चुकणारच. म्हणून ढिगाच्या अनेक जागांहून माल घेतात, मिसळतात, पसरून चार भाग करतात, समोरासमोरचे दोन ठेवतात आणि पुन्हा तेच करतात. नमुना म्हणजे काय, हे याहून उघड कुठे दिसेल?

गोव्यातल्याच पेडण्यात तर कोसंबींचा प्रयोग जवळजवळ जसाच्या तसा करता येईल. काजूच्या हंगामात पन्नास ओल्या बियांवर क्रमांक घालायचे, प्रत्येक बी वेगळी तोलायची आणि उन्हात वाळवत रोज तीच वही भरायची. सरासरी उतरेल, हे कुणीही सांगेल. विखुरलेपणा नाण्यांसारखा वाढेल की घटेल, हे मात्र वही पाहूनच कळेल. वेळ नाही, या शिक्षकांच्या तक्रारीत तथ्य आहे. पण यासाठी आठवडाभर रोज अर्धा तास पुरतो, आणि पोत्यात हात घालून पन्नास बिया उचलताना मुले मोठ्याच बिया निवडतात का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो.