तंबोरा पारखावा कसा?

विद्यार्थी मित्रहो, असे समजा की तुमची शाळा औंढा नागनाथला आहे. गावकऱ्यांच्या वर्गणीतून शाळेसाठी एक तंबोरा घ्यायचे ठरले आहे. संगीताचे गुरुजी दोन विद्यार्थ्यांना सोबत नेणार आहेत आणि त्यांतले एक तुम्ही आहात. जायचे कोठे? तर थेट मिरजेला! औंढ्याहून मिरज चारशे किलोमीटरांहून अधिक लांब. दुकानात दहा-बारा तंबोरे ओळीने उभे असणार, सगळे सारखेच चकचकीत. वर्गणीचे पैसे एकदाच गोळा होतात आणि आणलेले वाद्य शाळेत पुढची वीस-तीस वर्षे राहणार. तेव्हा नेमका कोणता उचलायचा?

तुम्ही म्हणाल, "आम्हाला कुठे गाणे येते? गुरुजी ठरवतील." पण थांबा. ध्वनीच्या धड्यात तुम्ही जे शिकता, तेवढ्या शिदोरीवर तुम्हीही वाद्याची परीक्षा घेऊ शकता. कशी, ते आज पाहू.

औंढा आणि मिरज

सुरात सूर धरून राहणाऱ्या वाद्याशी औंढ्याचे नाते जुने आहे. संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर हे त्यांना औंढ्याच्या नागनाथ मंदिरात भेटले, अशी परंपरा आहे. नामदेवांच्या नावाने ओळखले जाणारे नरसी गावही याच हिंगोली जिल्ह्यातले. वारकरी भजनात विणेकऱ्याच्या गळ्यात जी वीणा असते, तिच्यावर गाण्याची चाल वाजवत नाहीत. ती केवळ आधाराचा सूर देत राहते. तंबोऱ्याचे कामही तेच.

आणि मिरज? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये बनवण्यास सुरुवात केली. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. तलवारींचे दिवस सरत आले, तेव्हा त्यांचे कसबी हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. आज त्या पेठेला सतारमेकर गल्ली म्हणूनच ओळखतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आधी डोळ्यांनी पाहा

तंबोऱ्याचा खालचा गोल भाग म्हणजे वाळवलेला कडू भोपळा. मिरजेचे कारागीर हे भोपळे मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढा भागातून आणतात. भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी चकती म्हणजे तबली. तबलीवर घोडी उभी असते आणि घोडीवरून चार तारा लांब पोकळ दांडीवरून वर खुंट्यांपर्यंत जातात. घोडीच्या खाली प्रत्येक तारेत एकेक मणी ओवलेला असतो. तो सरकवून सूर अगदी केसभर चढवता-उतरवता येतो.

नुसती तार हवेत ताणून छेडली, तर तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो. तार इतकी बारीक असते की ती हवेला फारसे ढकलूच शकत नाही. ती आपली कंपने घोडीला देते, घोडी तबलीला देते आणि रुंद तबली हवेला हलवते. भोपळ्यातील हवाही या कंपनांना साथ देते. म्हणून तबलीवर बोटाने हलकेच टकटक करा. आवाज भरीव आणि मोकळा यावा. कोठे "खडखड" असे उत्तर आले, तर तेथे सांधा सुटला आहे किंवा चीर गेली आहे, असे समजा.

लाकूड पुरते वाळलेले आहे ना, हेही विचारा. ओल असलेले लाकूड सुकताना आकसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा कोरड्या हवेत कच्चे लाकूड आकसले, की सांधे उघडतात आणि खुंट्या ढिल्या पडून सूर घसरू लागतो. प्रत्येक खुंटी स्वतः फिरवून पाहा. ती घट्ट असावी, पण अडकू नये.

एका तारेवर केवढा भार!

पुरुष गायकाच्या तंबोऱ्यात मधल्या दोन तारा 'सा'ला लावतात. त्यांना जोडीच्या तारा म्हणतात. समजा हा 'सा' काळी एकचा आहे, म्हणजे दर सेकंदाला सुमारे १३८ कंपने, अर्थात १३८ हर्ट्‌झ. तार १ मीटर लांब, ०.३५ मिलिमीटर जाड आणि पोलादी धरा. आता ताण काढू.

ताण = ४ × (लांबी)² × (कंपनसंख्या)² × (दर मीटर वस्तुमान)

या तारेचे दर मीटर वस्तुमान सुमारे ०.७५५ ग्रॅम येते. किंमती घालून पाहा. उत्तर सुमारे ५७ न्यूटन, म्हणजे तारेला जवळजवळ ६ किलोग्रॅमचे वजन टांगल्यासारखे! चारही तारा मिळून भार वीस किलोग्रॅमच्या आसपास जातो आणि तो रात्रंदिवस असतो. म्हणून दांडी बाकलेली नाही ना, हे एका टोकाकडून डोळा लावून जरूर पाहा.

चौथी तार खर्जाची. ती जोडीच्या निम्म्या कंपनसंख्येची, म्हणजे ६९ हर्ट्‌झची. लांबी व ताण तेवढेच ठेवून कंपनसंख्या निम्मी करायची, तर दर मीटर वस्तुमान चौपट हवे. खर्जाची तार जाड आणि पितळेची का असते, ते आता कळले ना?

जोडीची कसोटी

आता कान तयार ठेवा. घोडी आणि तार यांच्यामध्ये एक बारीक सुती दोरा असतो. तो थोडा बाजूला सारा, म्हणजे तंबोऱ्याची झणझण कमी होईल. मग जोडीच्या दोन्ही तारा एकापाठोपाठ छेडा.

त्यांच्या सुरात थोडा फरक असेल, तर आवाज लहान-मोठा, लहान-मोठा होत राहील. याला विस्पंद म्हणतात. एक तार १३८ आणि दुसरी १३९ हर्ट्‌झची असेल, तर दर सेकंदाला एक विस्पंद येतो. दहा सेकंदांत पाच विस्पंद मोजले, तर फरक केवळ अर्ध्या हर्ट्‌झचा! शिकलेला गायक हा फरक चटकन ओळखतो, पण विस्पंद मोजायला गाणे येण्याची गरज नाही. घड्याळ पुरे.

आता मणी हळूहळू सरकवा. विस्पंद संथ होत होत थांबले पाहिजेत. नंतर दहा मिनिटे इतर तंबोरे पाहा आणि परत येऊन पुन्हा मोजा. विस्पंद परत सुरू झाले असतील, तर तार नवी असून ताणली जात आहे किंवा खुंटी घसरत आहे. तार नवी असेल, तर काही दिवसांत ती स्थिरावेल. खुंटी घसरत असेल, तर तेथेच नीट करून घ्या.

जवारी : रामन यांना पडलेले कोडे

दोरा पुन्हा तारेखाली आणा आणि किंचित पुढे-मागे करा. एका जागी आवाज एकदम फुलतो, झगमगू लागतो. ही जवारी. हिच्यामागचे कोडे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना खुणावत होते. प्रकाशाच्या विकिरणावरील कार्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याआधी, १९२१ साली, त्यांनी तंबोरा व वीणा यांच्यावर एक निबंध लिहिला होता.

कोडे असे. तार छेडली की तिच्यात मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वरही उमटतात. नियम असा की, तार ज्या बिंदूवर छेडाल, तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल, तो उपस्वर उमटू नये. मग तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम उपस्वर गायब व्हायला हवेत. पण तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात!

याचे कारण घोडीच्या माथ्यात आहे. मँडोलिनची किंवा गिटारची तार एका धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असून तिचा माथा अगदी थोडा फुगीर असतो. कंप पावताना तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. त्यामुळे तारेतील ऊर्जा खालच्या सुरांतून वरच्या उपस्वरांत जात राहते.

दुकानात याची परीक्षा घेता येते. खर्जाची तार नेमकी मध्यावर छेडा आणि लगेच त्याच बिंदूला बोट हलकेच लावून काढा. मँडोलिनवर असे केले, तर आवाज जवळजवळ विझतो. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात वरचा 'सा' रेंगाळत राहतो.

माथ्याचा हा उतार कारागीर कानसेने घासून, तार छेडून ऐकत, पुन्हा घासून साधतो. हा कान तयार व्हायला वर्षे लागतात. आवाज बंद-बंद वाटला, तर "चाचा, जवारी थोडी खुली करून द्याल का?" असे विचारायला संकोच करू नका. गिऱ्हाईक लक्ष देऊन ऐकते आहे, हे पाहून त्यांनाही आनंदच होईल.

न लावलेला गांधार

शेवटची परीक्षा सर्वांत मजेची. तंबोरा प, सा, सा आणि खर्ज असा लावतात. त्यात 'ग' कोठेही नाही. तरीही डोळे मिटून शांतपणे ऐकले, तर खर्जाच्या तारेमागून 'ग' डोकावतो. याला स्वयंभू गांधार म्हणतात. खर्जाचा पाचवा उपस्वर ६९ × ५ = ३४५ हर्ट्‌झ आणि चौथा २७६ हर्ट्‌झ, म्हणजे 'सा'. ३४५ भागिले २७६ म्हणजे ५/४, आणि हेच तर शुद्ध गांधाराचे गुणोत्तर! बाजारातल्या बहुतेक पेट्यांमध्ये याच 'सा'चा 'ग' सुमारे ३४७.७ हर्ट्‌झचा लागतो. दोन्हींत सेकंदाला अडीच-पावणेतीन विस्पंद पडतात. गवई तंबोऱ्यावर सूर का साधतात, हे यावरून ध्यानात येईल. ज्या तंबोऱ्यात हा गांधार स्पष्ट उमलतो, त्याला आपले पहिले मत द्या.

मँडोलिन घ्यायची असेल तर?

संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर हे मुळात मँडोलिनवादक. या वाद्याला आठ तारा, त्यांच्या चार जोड्या. तेव्हा विस्पंदांची कसोटी येथे चार वेळा लावायची. शिवाय पडदे तपासायचे. तारेची लांबी ३५ सेंटिमीटर असेल, तर बारावा पडदा वरच्या पट्टीपासून १७.५ सेंटिमीटरवर हवा. तेथे तारेला नुसते बोट लावून एकदा आणि दाबून एकदा छेडा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. थोडाफार फरक घोडी सरकवून काढता येतो. पण एखादाच पडदा चुकीच्या जागी ठोकला असेल, तर ते वाद्य सोडून द्या. सतारीचे पडदे धाग्याने बांधलेले असल्याने ते सरकवता येतात. मँडोलिनचे तसे नाही.

मिरजेला जाण्यापूर्वी करून पाहा

१. गावातील भजनी मंडळाची परवानगी घेऊन त्यांच्या विणेच्या दोन समसुरी तारांतील विस्पंद दहा सेकंद मोजा. फरक किती हर्ट्‌झचा आला?

२. एका फळीवर दोन खिळ्यांमध्ये तार ताणून छेडा. मग फळी रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर टेकवून तीच तार पुन्हा छेडा. आवाज का वाढला?

३. स्त्री गायिकेच्या तंबोऱ्यातील 'सा' काळी चारचा, म्हणजे सुमारे २०७ हर्ट्‌झचा असतो. वरचीच तार व तोच ताण ठेवला, तर तारेची लांबी किती हवी? गणित करा आणि मग सांगा, स्त्रियांचा तंबोरा आखूड का असतो?