ट्रॅक्टर उभा, डिझेल मात्र चालू!

गोरेगाव शिवारात सोयाबीन निघून रान मोकळे झाले की ट्रॅक्टरची घरघर सुरू होते. परवा अशाच एका शेतात चहा आला. मालक, ड्रायव्हर आणि आम्ही लिंबाखाली बसलो. चहा झाला, तंबाखू मळून झाली, हळदीच्या भावाच्या गप्पाही झाल्या. ट्रॅक्टर मात्र धुऱ्यावर भकभक करीत उभाच! "बंद का करत नाही?" म्हणून विचारले, तर ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, परत स्टार्टर मारायला जास्त डिझेल लागतं."

शेतकरी बंधूंनो, हा समज साफ चुकीचा आहे. गरम इंजिन सुरू व्हायला नावापुरते डिझेल लागते. उलट नुसता उभा चालू ठेवलेला ट्रॅक्टर तासाला लिटरभर डिझेल पितो. पाव-पाव तास असे दिवसातून चार वेळा झाले, तर एक लिटर गेले. हंगामात चाळीस दिवस काम चालले तर चाळीस लिटर! आजच्या भावाने गुणून पाहा.

नंतर मालकाने हळूच खरे कारण सांगितले. बॅटरी उतरली होती. बंद केला की धक्का मारावा लागे. बॅटरीचा खर्च टाळायचा आणि रोज डिझेल जाळायचे, हा कुठला हिशेब?

आता नांगरटीचे बघू. आपली काळी जमीन वाफशावरच नांगरावी. ओल जास्त असली तर चाक जागच्या जागी फिरते, वाळून कडक झाली तर इंजिनावर ताण येतो. दोन्हीकडे डिझेल जाते. तास शेताच्या लांबीच्या बाजूने घ्यावेत, म्हणजे वळणे कमी होतात.

चाक किती घसरते तेही तपासा. मागच्या चाकाला चुन्याची खूण करा. नांगर उचलून चाकाचे दहा फेरे मोजा आणि अंतर धरा. मग नांगर लावून दहा फेरे मोजा. पहिले अंतर शंभर फूट आणि दुसरे पंच्याऐंशीच्या खाली आले, तर घसरण जास्त आहे. टायर झिजलेले असतील, नाहीतर मागे वजन कमी पडत असेल. चाकात पाणी भरून किंवा वजने लावून फरक पडतो.

नळकांड्यातून सतत काळा धूर निघतो, म्हणजे न जळलेले डिझेल हवेत चालले. आधी एअर क्लीनर पाहा. धुळीच्या कामात तो लवकर भरतो. त्यानंतर नोझल तपासून घ्या. जास्त ओढीसाठी पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेऊ नका. डिझेलमध्ये रॉकेल तर मुळीच नको. पंप आणि नोझल दोन्ही झिजतात.

रस्त्यावर ट्रॉली ओढताना टायरमध्ये पुस्तिकेत दिली तेवढी हवा ठेवा. क्लचवर पाय ठेवून चालवू नका. उतारावर न्यूट्रल करणे तर जिवाशी खेळ आहे. गावातील जीप आणि कारवाल्यांनीही लक्षात ठेवावे: पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ही केंद्राची संस्था १९७८ पासून हेच काम करते. तिच्या सांगण्यानुसार ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ च्या वेगात ४० टक्क्यांपर्यंत जास्त अंतर कापता येते.

हे सगळे पटत नसेल तर स्वतः मोजा. टाकी काठोकाठ भरा, एक एकर नांगरा, त्याच जागी उभा करून परत काठोकाठ भरा. जेवढे बसले तेवढे एकरी डिझेल. वहीत लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा. आकडा खोटे बोलत नाही.

ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही त्या लहान शेतकऱ्यालाही हे लागू आहे. धुऱ्यावर जळालेल्या डिझेलचा भार शेवटी एकरी भाड्यातच येतो. तेव्हा चहा आला की आधी ट्रॅक्टर बंद करायला सांगा, मगच कप हातात घ्या!